कॅम्परव्हॅनने देशोदेशी फिरताना घरचं खाणं सोबत नेता येतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन वर्षांपूर्वी आम्ही पाच जण, म्हणजे मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई, म्युनिकहून मोटरहोम, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन ऑस्ट्रिया, इटली, स्वित्झर्लंड असं बारा दिवस फिरून आलो. तेव्हापासून सोसायटीत, ऑफिसात, अगदी दादर स्टेशनच्या पुलावर भेटलेले ओळखीचेसुद्धा गाडीचं भाडं किती हे नंतर विचारतात, आधी विचारतात की खायचं काय केलंत. तीच तीच उत्तरं देऊन झाली म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय. जायच्या आठवड्यात मात्र त्या त्या देशाच्या कस्टम्सची साइट स्वतः एकदा उघडून बघाच, कारण कुठे जनावरांची साथ आली की हे नियम रातोरात बदलतात.

तिथे सगळं मिळतं की, मग घरचं न्यायचंच कशाला?

मिळतं, पण पाहिजे तेव्हा मिळत नाही. जर्मनीत रविवारी बहुतेक सुपरमार्केट बंद असतात. कॅम्पसाइट गावाबाहेर तळ्याकाठी असते, संध्याकाळी तुम्ही दमून पोचता, पाऊस लागलेला असतो, आणि एकाहत्तर वर्षांच्या बाईला सलग चौथ्या दिवशी ब्रेड-चीज खा म्हणून सांगणं मला तरी जमत नाही. व्हॅनमध्ये दोन शेगड्या, एक छोटा फ्रिज आणि सिंक असतं. तेवढ्यात गरम भात, वर मेतकूट आणि लिंबू झालं की सगळ्यांचे चेहरे बदलतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. हॉटेलमधली ट्रिप आणि व्हॅनमधली ट्रिप यात खरा फरक स्वतःच्या स्वयंपाकघराचाच आहे, मग ते वापरायचं कसं याची तयारी मुंबईतूनच करायला हवी.

पण बॉर्डरवर खाणं अडवतात कशासाठी? आपण काय विकायला नेतो का?

हा मुद्दा समजला की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगते. त्यांना तुमच्या डब्याशी काही घेणं नसतं, भीती रोगाची असते. गावाकडे ज्याला लाळ्या खुरकूत म्हणतात तो गाई-म्हशींचा रोग आपल्याकडे आहे, युरोपात तो बहुतेक ठिकाणी संपवलाय. त्याचा विषाणू मांसातून, दुधातून, दुधाच्या पदार्थांतून जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये 2001 साली ही साथ आली तेव्हा 60 लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. जर्मनी कित्येक वर्षं या रोगापासून मुक्त होतं, तरी जानेवारी 2025 मध्ये बर्लिनजवळच्या ब्रांडेनबुर्गमध्ये म्हशींच्या एका कळपात तो सापडला आणि लगेच शेजारच्या देशांनी दारं लावायला सुरुवात केली.

फळांचं तसंच आहे, तिथे भीती फळमाशीची. 2014 च्या मे महिन्यापासून युरोपने आपल्या हापूसवर बंदी घातली होती ती यासाठीच, पुढच्या वर्षी उठवली. तेव्हा डबा भरताना स्वतःला दोनच प्रश्न विचारायचे. यात जनावराचं काही आहे का, मांस किंवा दूध? आणि यात ताजं, ओलं, झाडावरून काढलेलं काही आहे का? दोन्हीचं उत्तर नाही असेल तर युरोपात सहसा अडचण येत नाही.

मुंबईहून युरोपियन युनियनमध्ये जाताना नक्की काय चालतं?

मांस आणि दुधाचे पदार्थ अजिबात नाही, पाव किलोसुद्धा नाही, सीलबंद टिनमधलं असलं तरी नाही. मटणाचं लोणचं, चिकनचा रेडी टू ईट पाऊच, चीज, पनीर, खवा, श्रीखंडाचा डबा, सगळं घरीच ठेवायचं. ताजी फळं, भाज्या, पालेभाजी, कढीपत्ता यांना रोपांच्या आरोग्याचं सरकारी सर्टिफिकेट लागतं, जे आपण चार लिंबांसाठी काढत बसत नाही. त्यातून फक्त पाच फळं सुटलीत: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन (फणसासारखं काटेरी फळ). मध माणशी 2 किलोपर्यंत चालतो.

आम्ही नेलं ते असं: थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, तिखट, हळद, हिंग, आमसुलं, पोहे, तांदूळ, मूगडाळ, उडदाचे पापड, दाण्याची चटणी, लसणाची चटणी, कैरीचं लोणचं, पोह्यांचा चिवडा, चकल्या आणि तीळगुळाचे लाडू. कढीपत्ता हवाच होता, तर तो तळून चिवड्यात गेला. बेसनाचे लाडू सासूबाईंना करायचे होते पण त्यात भरपूर तूप, म्हणून मीच नको म्हटलं, उगीच तिथे उभं राहून घटक समजावत बसायला नको.

पेढे नेऊ का? देवाचा प्रसाद आहे.

नका नेऊ. हे मी कळकळीने सांगतेय कारण आमच्याच बाबतीत झालंय. निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी दादरहून पाव किलो पेढे आणले, देवापुढे ठेवले आणि मला न सांगता आपल्या पर्समध्ये स्टीलच्या डब्यात ठेवले. युरोपात उतरल्यावर ग्रीन चॅनेलमधून, म्हणजे दाखवण्यासारखं काही नाही अशांच्या वाटेने, जाताना एका कस्टम्सच्या बाईंनी सहज थांबवलं, डबा उघडला, केशर-वेलचीचा वास आला, आणि त्यांनी एकच शब्द विचारला, मिल्क? सासूबाईंनी कौतुकाने मान डोलावली. पेढे बिनमध्ये गेले. त्या बाई अगदी नम्रपणे बोलल्या, डबा पुसून परत दिला, दंड लावला नाही, पण प्रसाद कचऱ्यात टाकलेला बघून सासूबाई पुढे तासभर गप्प होत्या आणि मला आधीच विचारायला हवं होतं असं राहून राहून वाटत होतं. प्रसाद न्यायचाच असेल तर खडीसाखर न्या, किंवा खजूर, दोन्ही चालतं.

म्हणून घरातल्या मोठ्यांची पर्स आणि मुलांचं दप्तर पण निघताना प्रेमाने तपासा. आपली यादी बरोबर असून उपयोग नाही, बॅग सगळ्यांच्याच तपासतात.

मग तुपाचं काय? तुपाशिवाय वरणभात?

तूप म्हणजे दुधाचाच पदार्थ, तेही नाही. पण यावर इतका सोपा उपाय आहे की न्यायची गरजच नाही. पहिल्या दिवशी सुपरमार्केटमधून बिनमिठाचं लोणी घ्यायचं, 250 ग्रॅमची वडी असते, अशा दोन घेतल्या. व्हॅनच्या छोट्या शेगडीवर मंद आचेवर पातेल्यात ठेवलं, आधी फेस आला, मग कडकड आवाज बंद झाला, तळाला बेरी बदामी दिसायला लागली की गॅस बंद. पंधरा-वीस मिनिटांत कणीदार तूप. बेरीत साखर घालून मुलांनी तिथेच उभ्या उभ्या पातेलं चाटून साफ केलं, ती मुंबईत बेरीला हात लावत नाहीत. जॅमच्या रिकाम्या बाटलीत भरलेलं ते तूप अकरा दिवस पुरलं.

सुकी मासळी नेता येते का? लोक हसतात विचारलं की.

हसायचं काही कारण नाही, नेता येते. पेढ्याला बंदी आणि सुक्या बोंबलाला परवानगी हे ऐकून लोकांना खोटं वाटतं, पण युरोपियन युनियनच्या नियमात मासळीला वेगळं ठेवलंय, ताजी साफ केलेली, सुकवलेली, शिजवलेली, धुरावलेली अशी माणशी 20 किलोपर्यंत चालते आणि त्यात कोळंबीसुद्धा येते. म्हणजे बोंबील, जवळा, सोडे सगळं बसतं. प्रश्न वासाचा आहे. व्हॅन भाड्याची असते आणि आत वास मुरला तर परत देताना साफसफाईचे जादा पैसे लावू शकतात. माझ्या माहेरी वसईला करतात तसं सोडे घरीच थोड्या तेलावर भाजून, गार करून, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून न्या आणि सोड्याची खिचडी दुपारी दार-खिडक्या उघड्या टाकून करा, रात्री झोपायच्या आधी नाही.

सुकं खोबरं?

इथे अडचण युरोपची नाही, विमानाची आहे. सुक्या खोबऱ्यात तेल खूप असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून विमान वाहतुकीत ते धोकादायक मालात मोडतं, आणि मुंबई विमानतळावर चेक-इन बॅगेत सापडलं तर बॅग उघडायला लावून काढून टाकतात. मसाल्यात भाजून वाटलेलं खोबरं ही गोष्ट वेगळी. वाट्या किंवा कीस मात्र नेऊ नका, नारळाचं दूध आणि डेसिकेटेड खोबरं तिथे मोठ्या दुकानात मिळतं. आणखी एक, लोणचं-चटणी पातळ असेल तर केबिन बॅगेत 100 मिलीच्या वर चालत नाही, ते चेक-इनमध्येच टाका.

फ्लाइट दुबईमार्गे आहे, काही फरक पडतो?

पडतो, आणि हा सगळ्यात गंभीर मुद्दा आहे म्हणून कृपया वाचाच. खसखस. आपल्याकडे ती वाण्याकडे मिळते, मसाल्यात पडते, अनारशाला लावतात, पण संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, सिंगापूरमध्ये पण बंदी आहे. तिथे जप्तीवर भागत नाही, अटक होऊ शकते. दिवाळीनंतर निघत असाल तर अनारसे नेऊ नका. घरचा मसाला कोणी दिला असेल तर त्यात खसखस आहे का ते करणाऱ्यालाच विचारा. दुबईहून गाडीने ओमानला, खसबच्या बाजूला कॅम्पिंगला जाणारे आता बरेच आहेत, त्यांनाही हेच लागू.

एकदा युरोपात शिरलो की देश बदलताना परत तपासणी होते का?

युरोपियन युनियनच्या आत नाही. जर्मनीत घेतलेलं दूध, चीज, अंडी, चिकन घेऊन ऑस्ट्रिया, इटली, फ्रान्स कुठेही जा, स्वतःच्या खाण्यापुरतं असेल तर कोणी विचारत नाही. आपली गल्लत होते ती शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे देश, आणि युरोपियन युनियन एकच समजण्यात. व्हिसा एकच असला तरी कस्टम्स वेगळे असू शकतात.

स्वित्झर्लंड हे याचं मोठं उदाहरण. पासपोर्ट बघत नाहीत पण कस्टम्सची हद्द आहे. युनियनमधून येताना माणशी 1 किलो मांस फुकट, त्यापुढे किलोला 17 फ्रँक भरावे लागतात. लोणी आणि साय मिळून माणशी 1 किलो. एकूण खरेदीची करमाफीची मर्यादा 1 जानेवारी 2025 पासून 300 वरून 150 फ्रँकवर आणलीय. स्वित्झर्लंड महाग म्हणून लोक आधीच्या गावात व्हॅन भरून किराणा घेतात, आम्हीही घेतला, पण मर्यादेत. जास्त असेल तर त्यांचं क्विकझोल नावाचं ॲप आहे, त्यावर आधीच सांगून पैसे भरता येतात. आणि भारतातून आणलेलं मांस किंवा दुधाचं काही तिथेही चालत नाहीच.

नॉर्वेचं एक लक्षात ठेवा, तिथे बटाटे न्यायला बंदी आहे. बटाट्याची भाजी खाऊन संपवून मगच बॉर्डर ओलांडा.

क्रोएशियाच्या किनाऱ्याने जाणाऱ्यांसाठी: स्प्लिटहून डुब्रोवनिकला जाताना मध्ये बोस्नियाचा छोटा तुकडा लागायचा, म्हणजे काही किलोमीटरसाठी युनियनच्या बाहेर जाऊन परत आत यायचं. जुलै 2022 मध्ये पेल्येशाकचा पूल झाला, आता ते टाळता येतं. बोस्निया, मॉन्टेनेग्रो, सर्बियात मुद्दाम जाणार असाल तर परत युनियनमध्ये शिरायच्या आधी फ्रिजमधलं मांस आणि दूध-चीज संपवा.

ब्रिटनमध्ये व्हॅन घेऊन फेरीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, जायचंय.

दोन्ही बाजूंनी नियम कडक आहेत. ब्रिटनमधून युरोपात जाताना 1 जानेवारी 2021 पासून मांस-दूध बंद, सँडविचमधलं हॅमसुद्धा काढून घेतलंय लोकांचं. उलट दिशेने, युरोपातून ग्रेट ब्रिटनमध्ये जाताना, 12 एप्रिल 2025 पासून गाय, मेंढी, बकरी, डुक्कर यांचं मांस आणि सगळे डेअरी पदार्थ बंद केले, वर लिहिलेल्या त्या लाळ्या खुरकूतमुळेच. पॅकबंद असो, ड्युटी फ्रीतलं असो, चालत नाही, आणि गंभीर प्रकरणात 5,000 पौंडांपर्यंत दंड आहे. म्हणून फेरीच्या आदल्या रात्री फ्रिज रिकामा करणारा स्वयंपाक करायचा. उरलेल्या दुधाची खीर, चीज घालून पराठे, जे काय होईल ते.

फेरीवर चढताना व्हॅनच्या गॅसचा सिलिंडर बंद करावा लागतो, म्हणजे गॅसवर चालणारा फ्रिज पण बंद, आणि प्रवासात खाली गाडीकडे जाऊ देत नाहीत. पाण्याची बाटली, औषधं आणि मुलांचा खाऊ आधीच वर न्यायच्या पिशवीत काढून ठेवा.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड?

इथे युरोपची यादी विसरून जा. खपरा नावाचा एक बारीक किडा आहे, साठवलेल्या धान्यात होतो, त्याच्या भीतीने ऑस्ट्रेलियात आपल्याकडून तांदूळ, डाळी, हरभरे, अख्खे धणे, जिरे असलं सामानातून नेता येत नाही. अमेरिकेतही प्रवाशांना आपल्याकडचा तांदूळ न्यायला बंदी आहे, कारण तेच. पेढे, बर्फी, रसमलाईसारखी दुधाची मिठाई ऑस्ट्रेलियात पण नाही. न्यूझीलंडमध्ये मध नाही.

पण या दोन देशांचा खरा नियम एकच आहे, जे काही खायचं आहे ते देशात शिरताना भरायच्या फॉर्मवर लिहा. लिहिलंत आणि चाललं नाही तर फार तर टाकून देतात. लपवलंत, किंवा विसरलात, तर न्यूझीलंडमध्ये जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड, आणि ऑस्ट्रेलियात व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो. बॅगेत विसरलेलं विमानातलं सफरचंदही यात येतं.

आणि ऑस्ट्रेलियात व्हॅनने फिरताना देशाच्या आतही नाके आहेत. नलारबॉरच्या त्या लांबलचक सरळ रस्त्याने पूर्वेकडून वेस्टर्न ऑस्ट्रेलियात शिरताना फळं, भाज्या, मध काढून घेतात, उलट येताना सेडूनाला फळं-भाज्या तपासतात. शेकडो किलोमीटर दुकान नसतं, त्यामुळे लोक आधी भरपूर भाजी घेतात आणि नाक्यावर टाकून देतात, बघवत नाही. भाजी आदल्या दिवशी शिजवून घ्या, शिजवलेलं चालतं. कॅलिफोर्नियात शिरतानाही हायवेवर असे फळांचे नाके आहेत.

तान्हं बाळ आहे, किंवा घरात पथ्याचं खाणं लागतं.

युरोपियन युनियनमध्ये बाळाची दूध पावडर, बाळाचं खाणं आणि आजारपणासाठी लागणारं खास खाणं माणशी 2 किलोपर्यंत चालतं. ते ब्रँडचं, न उघडलेलं पाकीट हवं आणि उघडेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायची गरज नसलेलं हवं. पथ्य असेल तर डॉक्टरांची इंग्रजीत चिठ्ठी जवळ ठेवा. घरचं नाचणी सत्त्व दूध पावडर न घालता न्या.

पॅकिंग कसं करायचं?

प्रत्येक गोष्ट वेगळ्या झिपलॉक पिशवीत, वर मार्करने इंग्रजीत नाव आणि त्यात काय आहे ते. आमच्या भाजणीच्या पिशवीवर मी ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी, धणे असं इंग्रजीत लिहिलं होतं आणि खाली मोठ्या अक्षरात नो मिल्क, नो मीट. पेढे सापडल्यावर त्या बाईंनी आमच्या बाकी पिशव्याही बघितल्या, पण लेबल वाचलं आणि एकही उघडली नाही. पांढरी पावडर बिनलेबलची नेऊ नका, तांदळाचं पीठ असलं तरी. हिंगाची डबी दोन पिशव्यांत आणि वर स्टीलच्या डब्यात, नाहीतर सगळे कपडे हिंगाचे होतात.

काही सापडलंच तर? भांडायचं का?

अजिबात नाही. शंका असेल ते आपणहून रेड चॅनेलला जाऊन दाखवा, हे माझं ठाम मत आहे. दाखवलेल्या गोष्टीसाठी मला तरी कधी कोणी रागावलेलं नाही.

महाराष्ट्रातल्या कॅरव्हॅनने शेजारच्या राज्यात गेलो तर?

आपल्या राज्याचं कॅरव्हॅन धोरण 2021 मध्ये आलं, तेव्हापासून हा प्रश्न बऱ्याचदा येतो. घरचा शाकाहारी डबा, फराळ, भाज्या, फळं कुठेही न्या, त्यासाठी कोणी थांबवत नाही. दारूचं मात्र बघा, गुजरातमध्ये राज्य झाल्यापासून, 1960 पासून, दारूबंदी आहे, आणि गोव्याहून येताना बाटल्यांसाठी गाड्या तपासतात.

पाच जणांना बारा दिवसांसाठी किती सामान लागतं?

आमचं एकूण नऊ किलोच्या आसपास झालं. भाजणी दीड किलो, तांदूळ दोन किलो, मूगडाळ एक, पोहे एक, बाकी चटण्या, मसाले, फराळ. दूध, दही, लोणी, कांदे, बटाटे, टोमॅटो, कोबी तिथेच घेतले, तिथलं साधं दही आपल्या दह्यासारखंच लागतं, थालीपिठाबरोबर छान जातं. तांदूळ नवव्या दिवशी संपले कारण खिचडी ठरवल्यापेक्षा जास्त वेळा झाली, मग इटलीतल्या एका गावात दुकानात बासमती मिळाला. चिवडा पहिल्या चार दिवसांत संपला, तो पुढच्या वेळी दुप्पट नेणार आहे.